जुनी शिलाई मशीन दान करताय? आधी हे वाचा

अरे वा, बायकांना द्यायला जुन्या शिलाई मशीन गोळा करताय हे मस्तच, पण घाई नको. वाडीवस्तीवर द्यायची तर पायमशीनच बघा, मोटरवाली दिली आणि लाईट गेली की बाई बसली हात बांधून. परदेशातले नातेवाईक तिकडची मशीन पाठवतो म्हणाले तर सरळ नको म्हणा, अमेरिकेतली 110-120 व्होल्टची असते, आपल्याकडे 230, थेट लावली तर जळणार.

मशीन ताब्यात घेताना चाक हाताने फिरवून बघा आणि दोन पदरी कापडावर चार बोटं शिलाई मारा, मागच्या बाजूला दोऱ्याचा गुंता झाला तर बहुतेक वेळा वरचा धागा नीट ओवलेला नसतो, मशीन बिघडलेलीच असेल असं नाही. बॉबिन केस, म्हणजे खालच्या दोऱ्याची रीळ बसते ती छोटी डबी, आहे का बघाच, जुन्या मशीनमध्ये नेमकी तीच गायब असते! सोबत 14 आणि 16 नंबरच्या सुया, तेलाची कुपी, चाकाचा एक जादा पट्टा द्या, नाहीतर पट्टा तुटला की मशीनवर पापड वाळत पडतात.

आणि हो, जिला मशीन द्यायची तिला आधी विचारा की शिवायचं काय आहे. पिको, म्हणजे साडीची कड शिवणं, करायचं असेल तर साधी सरळ टाक्याची मशीन काय कामाची, झिगझॅगवालीच लागते. ब्लाऊज, परकर, शाळेचे ड्रेस साध्यावर होतात.

बचत गटाला एक मशीन दिली तर ती कोणाच्या घरी राहणार हे त्यांनाच ठरवू द्या, आपण मध्ये पडायचं नाही. आणि फोटोसाठी बायकांना रांगेत उभं करू नका प्लीज.