हार गाव, म्हणजे कोळंबी भरलेलं कँटोनीज डंपलिंग, वाफवलेलं असतं, मग डाएटमध्ये बिनधास्त चालेल का?

बिनधास्त नाही. वाफवलेलं म्हणजे हलकं, असं कुणी म्हटलं की माझं डोकंच फिरतं.

आमच्या थोरल्या जाऊबाई हाँगकाँगला आमच्याकडे आल्या होत्या. त्यांना मधुमेह आहे. यम चाला, म्हणजे चहासोबत असे छोटे पदार्थ खायला नेलं, तर "तळलेलं नको, वाफवलेलंच मागव" म्हणत त्या हार गावच्या वाफवायच्या छोट्या टोपल्यांमागून टोपल्या संपवत होत्या. मी म्हटलं, ताई, जरा जपून, यात नुसता स्टार्च आहे. त्यावर भरल्या टेबलावर मला ऐकवलं, "तेलाचा थेंब नाही यात, तू नको शिकवूस."

शेजारच्या कँटोनीज आजींच्या हाताखाली मी हार गाव करायला शिकले आहे, म्हणून ठामपणे सांगते. पारी होते ती ग्लुटेन धुऊन काढलेल्या गव्हाच्या स्टार्चची आणि टॅपिओका स्टार्चची. त्यावर उकळतं पाणी ओतायचं, मोदकाच्या उकडीसारखं गरम असतानाच मळायचं, गोळी सुऱ्याच्या रुंद, तेल लावलेल्या पात्याखाली दाबून पातळ पारी काढायची आणि एकाच बाजूने चुण्या घालायच्या. सातपेक्षा कमी चुण्या आजींना खपत नाहीत. ग्लुटेन गेलं म्हणजे गव्हातलं प्रथिनही गेलं. वाफेवर ती पारी इतकी नितळ होते की आतली गुलाबी कोळंबी दिसते. ते रूप मलाही फार आवडतं, पण ती पारी म्हणजे निव्वळ पिष्टमय पदार्थ. आणि सारणात कोळंबी, बांबूच्या कोंबांबरोबर पारंपरिक पद्धतीत डुकराच्या चरबीचे बारीक तुकडे असतात. सारण रसरशीत लागतं ते त्यामुळेच. थेंब दिसत नाही, चरबी असते!

कोळंबीचं प्रथिन उत्तम, त्याबद्दल वाद नाही. पण तंतू जवळजवळ नाहीत आणि मीठ बऱ्यापैकी. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. त्यात वरून सोया सॉस कशाला? एक टोपली घ्या, सोबत उकडलेली चॉय सम ही पालेभाजी मागवा, ऑयस्टर सॉस वेगळा द्यायला सांगा, चहा बिनसाखरेचाच असतो. घरात कुणी "तेल नाही ना त्यात" म्हणालं, तर पारी कशाची आहे ते आधी विचारा. आमच्याकडे याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

तुम्हाला मधुमेह नसेल तर कधीमधी दोन टोपल्यांनी काही बिघडत नाही. डुकराचं खात नसाल तर मात्र मागवण्याआधी विचारा. आणि सिलिअॅक, म्हणजे ग्लुटेन न चालणारा आजार, असेल तर लांबच राहा, धुतलेल्या स्टार्चमध्येही थोडं ग्लुटेन राहू शकतं.