गच्चीवरच्या रास्पबेरी पायला लावलेला रेडिओ स्कॅनर खालच्या लॅपटॉपवरून नीट का चालत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: परभणीत दुमजली घर. वरच्या पत्र्याच्या खोलीत रास्पबेरी पाय ३बी (तळहाताएवढा लिनक्स संगणक), त्याला आरटीएल-एसडीआर डोंगल (यूएसबीला लावायचा रेडिओ रिसीव्हर), गच्चीवर अँटेना. खाली हॉलमध्ये विंडोज लॅपटॉपवर एसडीआर प्लस प्लस, म्हणजे रेडिओ ऐकायचं आणि स्कॅन करायचं सॉफ्टवेअर. पायवर आरटीएल-टीसीपी (डोंगलचा डेटा नेटवर्कवरून पाठवणारा सर्व्हर प्रोग्रॅम) चालू असूनही लॅपटॉप कधी जोडला जातो, कधी नाही. जोडला गेला तरी वॉटरफॉल, म्हणजे सिग्नलचं सरकतं चित्र, अडकत चालतो आणि स्कॅनर भलत्याच फ्रिक्वेन्सीवर थांबतो. लाईट जाऊन आली की सगळंच बंद. वरच्या खोलीत मोबाइलवरून पायला पिंग (नेटवर्कवर पोचतंय का ते बघणारी हाक) मात्र व्यवस्थित लागतं. पायचा पत्ता १९२.१६८.०.१०४, लॅपटॉपचा १९२.१६८.१.७. फायबरचा डबा आणि वरचा राऊटर, दोन्हींच्या वायफायला नाव एकच.

सॉफ्टवेअर पुन्हा टाकायच्या भानगडीत पडू नका. दोन्ही पत्त्यांतला तिसरा आकडा बघा. पायचा ० आहे, लॅपटॉपचा १. म्हणजे घरात दोन वेगळी नेटवर्क आहेत. फायबरवाल्याने बसवलेला डबा एक नेटवर्क चालवतोय, आणि वर रेंज यावी म्हणून तुम्ही लावलेला राऊटर त्याच्या आत दुसरं. आतल्या नेटवर्कमधून बाहेर जाता येतं, म्हणून वरच्या मोबाइलवर इंटरनेट बिनबोभाट चालतं. बाहेरून आत शिरायला मात्र वाट नाही, आणि तुमचा लॅपटॉप नेमका बाहेर उभा आहे.

मग कधीकधी जोडणी होते कशी? वायफायचं नाव एकच असल्यामुळे लॅपटॉप अधूनमधून वरच्या राऊटरचा स्लॅबआडून येणारा क्षीण सिग्नल धरतो. तेवढ्यापुरता तो पायच्या नेटवर्कमध्ये असतो, पण इतक्या पातळ वायफायवर डेटा मावत नाही, म्हणून वॉटरफॉल अडकतो. पुढच्या वेळी जोडणी झाली की विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर आयपीकॉन्फिग टाका. डिफॉल्ट गेटवे १९२.१६८.०.१ दिसला की खात्री पटेल.

उपाय म्हणजे वरच्या राऊटरला नुसता ॲक्सेस पॉइंट करणं, म्हणजे तो स्वतःचं नेटवर्क न चालवता डब्याचंच वायफायवर देईल. त्याच्या सेटिंगमध्ये तसा मोड असेल तर तो निवडा, विषय मिटला. नसेल तर हाताने करा, पण क्रम चुकवू नका:

१. वरच्या राऊटरचा स्वतःचा लॅन पत्ता आधी बदला. १९२.१६८.१ या मालिकेतला, पण फायबरचा डबा वाटतो त्या पत्त्यांच्या बाहेरचा असू द्या. हा पत्ता कागदावर लिहून ठेवा.
२. नव्या पत्त्यावरून पुन्हा लॉगिन करा आणि डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटायचं काम) बंद करा.
३. मग खालून आलेली लॅन केबल वॅन पोर्टमधून काढून लॅन पोर्टमध्ये खोचा.

डीएचसीपी बंद करायचं विसरलात तर घरात पत्ते वाटणारे दोघे होतात. कुणाचा मोबाइल चालतो, कुणाचा चालत नाही, आणि दोष फायबरवाल्याच्या माथी जातो. वरच्या राऊटरवर १२३४ पोर्ट (आरटीएल-टीसीपीचं नेटवर्कवरचं दार) फॉरवर्ड करूनही, म्हणजे त्या दारावर आलेलं पायकडे वळवूनही, काम भागतं, पण तो जुगाड आहे. केबल हलवणंच बरं.

नेटवर्क एक झालं की जोडणी दोन ठिकाणी तपासा. कमांड इथे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलमध्ये अर्थातच रोमन अक्षरांत टाका. पायवर 'एसएस -टीएलएनपी' दिलं की ऐकत असलेली पोर्ट दिसतात. तिथे १२७.०.०.१:१२३४ असं आलं तर सर्व्हर फक्त स्वतःशीच बोलतोय. आरटीएल-टीसीपीची मूळ सेटिंग तशीच असते. सुरू करताना '-ए ०.०.०.०' द्यावं लागतं. तिथे पायचा खरा पत्ता देऊ नका, कारण लाईट आल्यावर तो पत्ता मिळायच्या आधी प्रोग्रॅम उठला तर तिथेच मरतो. मग लॅपटॉपच्या पॉवरशेलमध्ये 'टेस्ट-नेटकनेक्शन', पायचा नवा पत्ता आणि '-पोर्ट १२३४'. शेवटच्या ओळीत ट्रू आलं की रस्ता मोकळा. फॉल्स आलं आणि पिंग लागतंय, तर सर्व्हर बंद आहे किंवा चुकीच्या पत्त्यावर ऐकतोय.

जोडणी 'झाली' दिसते पण वॉटरफॉल कोराच, असंही होतं. आरटीएल-टीसीपी एका वेळी एकालाच डेटा देतं. दुसरा जोडायला आला की ऑपरेटिंग सिस्टिम त्याला रांगेत उभं करते आणि त्याच्या बाजूला जोडणी झाल्यासारखी दिसते. मोबाइलवर एखादं एसडीआर ॲप उघडं राहिलंय का ते आधी बघा.

आता अडकण्याचा हिशेब. डोंगल प्रत्येक सॅम्पलमागे (सिग्नलच्या एका मोजणीमागे) २ बाइट पाठवतो. सॅम्पल रेट २४ लाख ठेवला तर सेकंदाला ४८ लाख बाइट, म्हणजे ३८.४ मेगाबिट, अखंड. यूट्यूबसारखं आधी साठवून मग दाखवणं इथे नाही. पाय ३बीचं वायफाय फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतं आणि शेजाऱ्यांच्या गर्दीत एवढा वेग सलग देत नाही. पायला राऊटरशी केबलनेच जोडा. १०० मेगाबिटचं पोर्ट पुरतं. लॅपटॉप फायबरच्या डब्याच्या ५ गिगाहर्ट्झ वायफायवर ठेवा आणि डबा त्याच खोलीत असू द्या. तरी जमलं नाही तर रेट १०.२४ लाखांवर आणा, भार १६.४ मेगाबिटवर येतो.

स्कॅनर भलतीकडे थांबण्याचं मूळही इथेच आहे, आणि हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. पायच्या टर्मिनलकडे बघा. 'एलएल+, नाऊ ३७', 'एलएल+, नाऊ ३८' अशा ओळी पळत असतील तर नेटवर्क उचलत नाही तेवढा डेटा पाय रांगेत लावतोय. रांगेतला एक तुकडा २,६२,१४४ बाइटचा, म्हणजे २४ लाखांच्या रेटला साधारण ०.०५५ सेकंदाचा. मूळ सेटिंगमध्ये रांग ५०० तुकड्यांपर्यंत वाढू शकते. गुणाकार केला तर २७ सेकंद! स्कॅनरने १४५.८०० मेगाहर्ट्झवर उडी मारायचा हुकूम दिला, डोंगलने लगेच पाळलाही, पण लॅपटॉपच्या हाती अजून जुन्या फ्रिक्वेन्सीचा डेटा पडतोय. सॉफ्टवेअर तो नव्या फ्रिक्वेन्सीचा समजतं आणि जिथे काहीच नाही तिथे थांबतं.

म्हणून सर्व्हर सुरू करताना '-एन २०' द्या. रांग २० तुकड्यांवर अडते आणि जुने तुकडे टाकून दिले जातात. आवाजात खड्डे पडतील, पण उशीर सव्वा सेकंदाच्या आत राहील. नेटवर्क सुधारलं की खड्डेही जातात. मग एसडीआर प्लस प्लसच्या स्कॅनर मोड्यूलमध्ये ट्यूनिंग टाइम २५० मिलिसेकंदांवरून ५०० किंवा ७०० करून बघा. स्कॅन थोडा संथ होईल, पण थांबेल तिथे खरंच कुणीतरी बोलत असेल.

रेट कमी करताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. हा स्कॅनर दिसणाऱ्या पट्ट्यातच शोधतो आणि पट्टा संपला तरच डोंगलला हलवतो. हॅमचा (परवानाधारक हौशी रेडिओवाल्यांचा) २ मीटर बँड, १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ, २४ लाखांच्या रेटमध्ये जवळपास पूर्ण मावतो, म्हणजे उड्याच नाहीत आणि उशिराचा त्रासही नाही. १०.२४ लाखांवर त्याच बँडसाठी पुन्हा पुन्हा हलावं लागतं. माझं मत विचाराल तर केबल नीट करून २४ लाखांवरच राहा. ३२ लाखांच्या नादी लागू नका, तिथे डोंगल स्वतःच सॅम्पल गाळतो. ऐकायला हॅम बँड, अंतराळ स्थानकाचं १४५.८००, आकाशवाणी, हवामान उपग्रह असं पुष्कळ आहे. पोलिसांच्या किंवा विमानतळाच्या संभाषणाच्या वाटेला जाऊ नका, परवानगीशिवाय ते ऐकणं गुन्हा ठरतं. आणि राऊटरमधून १२३४ पोर्ट इंटरनेटवर उघडू नका, आरटीएल-टीसीपीला पासवर्डच नसतो.

हे सगळं करूनही खड्डे राहिले तर नेटवर्क सोडून यूएसबीकडे या. सर्व्हर बंद करून पायवर 'आरटीएल_टेस्ट -एस २४०००००' मिनिटभर चालवा. सुरुवातीला थोडे बाइट गाळले तर ठीक, सतत 'लॉस्ट ॲट लीस्ट' येत राहिलं तर वीजपुरवठा किंवा यूएसबी केबल. मोबाइलचा चार्जर आणि बारीक वायर हे नेहमीचे गुन्हेगार. पाय ३बीला ५.१ व्होल्ट, २.५ अँपियरचा ॲडॉप्टर लागतो आणि डोंगल त्यातूनच पाव अँपियरच्या वर खातो. 'व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड' दिल्यावर ०एक्स० आलं तर उत्तम. ०एक्स५०००० म्हणजे मागे कधीतरी व्होल्टेज पडलं होतं, ०एक्स५०००५ म्हणजे या क्षणी पडलंय. पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात तापमानही बघा. पाय ८० अंशांना पोचला की स्वतःचा वेग कमी करतो. डबी पत्र्याला टेकवू नका, भिंतीला खाली लावा.

लाईटचं दुखणं वेगळं आहे. एक तर पत्ता बदलतो. फायबरच्या डब्यात पायच्या मॅक पत्त्यासाठी (हार्डवेअरच्या कायमच्या ओळख क्रमांकासाठी) आयपी राखून ठेवा. डब्याचं सेटिंग कुलूपबंद असेल तर पायवरच 'एनएमटीयूआय' उघडून स्थिर पत्ता द्या. दुसरं, आरटीएल-टीसीपी तुम्ही हाताने सुरू करताय. त्याची सिस्टिमडी (लिनक्समध्ये प्रोग्रॅम आपोआप सुरू करणारी व्यवस्था) सर्व्हिस बनवा, त्यात 'रीस्टार्ट=ऑलवेज' आणि 'रीस्टार्टसेक=१०' लिहा. दहाच का? सिस्टिमडी १० सेकंदांत पाच प्रयत्न फसले की नाद सोडतो. प्रयत्नांत अंतर ठेवलं की तो थकत नाही.

सुरू होताना 'यूएसबी_क्लेम_इंटरफेस एरर -६' दिसलं तर डोंगल आधीच कुणीतरी धरलाय. आरटीएल-टीसीपी दोनदा चालू नसेल तर तो लिनक्सचा टीव्ही ड्रायव्हर असतो. 'डीव्हीबी_यूएसबी_आरटीएल२८एक्सएक्सयू' हे नाव मॉडप्रोबच्या (लिनक्समध्ये ड्रायव्हर चढवणाऱ्या व्यवस्थेच्या) ब्लॅकलिस्टमध्ये टाका आणि पाय रीबूट करा.

वारंवार लाईट जाण्याने मेमरी कार्डही खराब होतं. रास्पी-कॉन्फिगमध्ये परफॉर्मन्सखाली ओव्हरले फाइल सिस्टिम आहे, ती चालू केली की कार्डावर लिहिणं थांबतं. मात्र ही सगळ्यात शेवटी करा, नाहीतर आज बनवलेली सर्व्हिस उद्या गायब. आणि फायबरचा डबा, राऊटर, पाय हे तिन्ही इन्व्हर्टरच्या लाईनवर घ्या. पाय चालू आणि डबा बंद असेल तर उपयोग शून्य.

मृगाच्या आधी ढग दाटून आले की, कडकडाट सुरू व्हायच्या आतच, अँटेनाची केबल डोंगलमधून काढून खिडकीबाहेर सोडा. खालून येणारी लॅन केबल भिंतीबाहेरून नेली असेल तर तीही दोन्ही टोकांनी काढा, आणि काढलेली टोकं डबा-राऊटरपासून हातभर लांब ठेवा.