नणंदेला कपांचे पैसे कसे मागू?

ताई, मी नागपूरची, वय ३४. लहानपणी तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी सजवायला आठ-आठ दिवस आधी बसायचे. आता एका खासगी कंपनीत अकाउंट्स बघते आणि काही वर्षांपासून एका स्टुडिओत सिरॅमिक शिकतेय. कप, वाट्या, पणत्या करते. सगळे म्हणतात, विकायला काढ. पण नणंदेनं सहा कप मागितले तेव्हा पैसे मागायला जीभ रेटली नाही. सासूबाई म्हणतात, शिकलेल्या सुनेनं कुंभाराची कामं कशाला करायची? नोकरी सोडून यात पडू का? आणि विकता विकता आवडच मरून गेली तर?
– मातीवेडी

प्रिय मातीवेडी,

नोकरी इतक्यात सोडू नकोस. तुझ्या हाताबद्दल मला शंका नाही. पण तुझी वस्तू वापरायला कशी आहे, हे अजून तुला कुणी खरं सांगितलेलंच नाही. फुकट कप मिळालेला माणूस तक्रार करत नाही. तो ‘किती गोड!’ म्हणतो आणि कप शोकेसमध्ये ठेवून देतो. पैसे मोजलेली बाई मात्र सांगते, की कपाच्या कानात दोनच बोटं जातात, चहा ओतला की हात पोळतो, बुडाच्या कडेनं टेबलावर चरे पडले. तुला ही तक्रार हवी आहे. नंदी दिसायला देखणा असला की पुरत होतं, कप रोज ओठांना लागणार आहे.

आधी घरीच कसून बघ. वाटीत पाणी भरून रात्रभर वर्तमानपत्रावर ठेव. सकाळी कागद ओला दिसला तर पाणी झिरपतंय, माती पुरती भाजली गेलेली नाही. दुसऱ्या वाटीत तर्रीदार सावजी रस्सा वाढून तसाच राहू दे. घासल्यावर ग्लेझमधल्या, म्हणजे वरच्या काचेसारख्या थरातल्या, केसाएवढ्या भेगा लालसर उमटल्या, तर तेल-मसाला आत शिरतोय. ती वाटी विकायची नाही. लिंबाची फोड रात्रभर ठेवून ग्लेझचा रंग किंवा चमक उतरली, तर ते ग्लेझ खाण्याच्या भांड्याला चालणार नाही. शिसं या परीक्षांत कळत नाही, म्हणून ग्लेझ शिसंविरहित असल्याचं पुरवठादाराकडून लेखी घे. आणि आपला उन्हाळा! मे महिन्यात पारा ४५च्या घरात गेला की कपाचा बारीक कान आधी सुकतो, अंग ओलंच राहतं आणि नेमका जोडावर तडा जातो. प्लास्टिकखाली झाकून सावकाश सुकव, आणि त्या दिवसांतल्या ऑर्डरींना जास्तीची मुदत मागून घे.

हिशेब तुला मी काय शिकवणार? फक्त माती, ग्लेझ, भट्टीचं भाडं, खोकी यांच्यासोबत स्वतःचे तासही मांड. दहांतले दोन कप भट्टीत तडकले तर दहांचा खर्च उरलेल्या आठांवर चढतो. नणंद पुढच्या वेळी मागेल तेव्हा रंग विचारतानाच बोलून टाक, “ताई, आता मी हे विकायला घेतलंय. कप साडेतीनशेचा, तुमच्यासाठी तीनशे.” किंमत तुझ्या हिशेबाप्रमाणे धर, पण कप घडवण्याआधी सांग, घडल्यावर सांगणं अवघड होतं. लग्नात, वाढदिवसाला आपणहून द्यावंसं वाटलं तर मनापासून दे.

सासूबाईंशी वाद घालू नकोस. पण ‘कुंभाराचं काम’ हे कमीपणानं म्हटलेलं मला मुळीच पटत नाही, आणि ‘मी कलाकार, कुंभार थोडीच!’ असं तूही कधी म्हणू नये, ही माझी कळकळीची विनंती. हे हुन्नर कुंभारांनीच पिढ्यानपिढ्या जपलंय. गणपतीच्या आधी महाल भागातल्या चितार ओळीत एक चक्कर मार. ऑर्डर कधीपासून घेता, आगाऊ किती ठेवता, उरलेल्या मूर्तींचं काय करता, हे मूर्तिकारांना विचार. हंगामावर पोट असणाऱ्यांइतकं हे कुणाला कळणार?

आवडीचं म्हणशील, तर थोडी झिजेल. पन्नासावी तशीच वाटी करताना कंटाळा येणार. तरीही हात चालत राहिला तर पुढे जा. नाहीच चालला तर मोजकेच, जास्त किमतीचे नग कर, किंवा नोकरी सांभाळून छंदच ठेव; त्यात हार कसली? काहीही ठरलं तरी दर भट्टीत एक वस्तू अशी घाल, जी कुणासाठीच नाही.

नोकरीसोबत एक पूर्ण वर्ष विकून बघ. दिवाळीला पणत्या खपतातच, जून-जुलैत काय खपतं ते खरं. खर्च वजा जाता निम्म्या पगाराइतकी रक्कम महिन्यामागून महिना हाती यायला लागली, की राजीनाम्याचा विषय घरात काढ. तोवर उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंद, करून घे. ती सरकारी पोर्टलवर मोफत होते, एजंटला पैसे देऊ नकोस. आणि धंद्याचं बँक खातं पहिल्या विक्रीपासून वेगळं ठेव.

– तुझी ताई