खमंग म्हणजे काय? (उशिरा दिलेलं उत्तर)

प्रिय चिऊ,

परवा व्हिडिओ कॉलवर आजी म्हणाली, "भाजणी काय खमंग झालीय!" आणि तू मला विचारलंस, "आई, खमंग म्हणजे क्रिस्पी का?" मी घाईत "टेस्टी गं" म्हणून मोकळी झाले. ते चुकलंच. श्रीखंड टेस्टी असतं, पण त्याला कुणी खमंग म्हणत नाही. आणि क्रिस्पी म्हणावं, तर खमंग काकडीतली काकडी कच्ची, गार, पाणी सुटलेली. तिथे खमंगपणा आणतात तो भाजलेल्या दाण्यांचं कूट आणि तुपा-जिऱ्याची फोडणी.

मला हा शब्द कुणी समजावून सांगितला नव्हता. आजी भाजणी करायची तेव्हा तांदूळ, ज्वारी, बाजरी, हरभऱ्याची डाळ, उडीद, धणे, जिरे सगळं वेगवेगळं भाजायची, कारण प्रत्येकाला आच वेगळी लागते. मी पुस्तक घेऊन तिथेच बसलेली. ती मधेच विचारायची, "आला का गं वास?" कच्चा वास गेलाय, करपट अजून यायचाय, त्या मधल्या वासाला खमंग म्हणतात, हे मी नाकाने शिकले. (दाण्यातली साखर आणि प्रथिनं तापून त्यांची एकमेकांशी रासायनिक क्रिया झाली की असे वास तयार होतात. मायार नावाच्या फ्रेंच माणसाने १९१२ मध्ये ही क्रिया मांडली. आजीचं त्याच्यावाचून काही अडलं नाही.)

मग हाच शब्द चुलीपासून उठून गप्पांत जाऊन बसतो. लग्नघरातल्या चर्चा खमंग होतात. जुने दाणे खवट लागतात, तसं एखाद्याचं बोलणंही खवट असतं. ज्याने खवट दाणा चावून थुंकलाय, त्याला त्या बोलण्याचा अर्थ सांगावा लागत नाही.

२००६ मध्ये स्पेनमधल्या संशोधकांनी लोकांना दालचिनीसारखे वासाचे शब्द नुसते वाचायला दिले आणि मेंदूचं स्कॅनिंग केलं. वास घेताना जागा होणारा भाग शब्द वाचतानाही जागा झाला. 'खमंग' वाचून माझंही तसंच होत असणार. तुझं कसं होईल? तू तो वास त्या नावानिशी कधी घेतलाच नाहीस, आपल्याकडे भाजणी पाकिटातून येते.

पण तुझेही शब्द असेच बनलेत हं. बालवर्गात फायर ड्रिलची घंटा वाजली, तेव्हा तू बाईंना सांगितलंस की कुणीतरी फोडणी देतंय. सगळे हसले. आपल्या घरी मोहरी तडतडली की स्मोक अलार्म कोकलतो, मग फोडणी म्हणजे तुझ्या लेखी तो आवाज आणि खिडकीकडे धावणारा बाबा. माझ्या फोडणीत हिंग आहे, ठसका आहे, अलार्म नाही. कुणाचा अर्थ खरा म्हणायचा?

शनिवारी पाव किलो शेंगदाणे घेऊन बसू. मी कढईत हलवत राहीन, तू डोळे मिटून उभी राहा आणि वास बदलला की "आता!" म्हण. चुकलीस तर करपलेले दाणे बाबा खाईल.

तुझी,
आई