एकाच पर्जन्यवृक्षाविषयी दोन पत्रे

वाचकांचे प्रश्न : झाडे आणि बाग

प्रश्न : आमच्या इमारतीच्या फाटकाशेजारी पदपथावर रेन ट्रीचे (पर्जन्यवृक्षाचे) मोठे झाड आहे. मी १९७१ साली लग्न होऊन या गल्लीत आले, तेव्हा ते आमच्या पहिल्या मजल्याच्या खिडकीपर्यंत पोहोचत होते. आज त्याची सावली समोरच्या गच्चीवर पडते. गेल्या जूनमध्ये त्याची एक फांदी पडून समोरच्या सोसायटीतील एका गृहस्थांच्या मोटारीचे नुकसान झाले. तेव्हापासून झाड तोडावे असा त्या सोसायटीचा आग्रह आहे आणि आता झाडावर महापालिकेची नोटीसही लागली आहे. माझ्या वयाची आम्ही चार-पाच माणसे विरोध करतो, तर ‘तुम्हाला काय, तुमच्याकडे गाडी नाही’ असे ऐकावे लागते. झाड वाचवण्यासाठी मी काय करू शकते?
– एक वाचक, पुणे

प्रश्न : मी एका गृहनिर्माण संस्थेचा सचिव आहे. आमच्यासमोरच्या पदपथावरील जुने रेन ट्री धोकादायक झाले आहे. त्याच्या शेंगा आणि चिकट थेंब यांनी गाड्या खराब होतात, पावसाळ्यात पक्ष्यांची विष्ठा पडते, पदपथ सारखा उखडतो (दोन वर्षांपूर्वी केबलसाठी खणल्यानंतर ठेकेदाराने नवे पेव्हर ब्लॉक बसवले, तेही मुळांनी उचलले). शाळेच्या मुलांची रिक्षा नेमकी त्याच झाडाखाली थांबते. झाड परदेशी असून त्याच्या बदल्यात दहा कडुलिंब लावण्याची आमची तयारी आहे. सर्वसाधारण सभेचा एकमताने झालेला ठरावही आहे. तरी काही मंडळी केवळ भावनेपोटी हरकत घेत आहेत. आमच्यापुढे कोणता मार्ग आहे?
– एक वाचक, पुणे

उत्तर : ही दोन्ही पत्रे एकाच आठवड्यात आली. तपशील ताडून पाहता ती एकाच झाडाविषयी आहेत, अशी माझी जवळपास खात्री आहे, म्हणून उत्तर एकत्रच देतो. (दोन्ही पत्रांच्या आरंभीचे एकच संतवचन जागेअभावी गाळले आहे.)

आधी अधिकाराचा प्रश्न. पदपथावरचे झाड महापालिकेच्या ताब्यात असते, तेव्हा सोसायटीचा ठराव एकमताने झालेला असला, तरी तो त्या झाडापुरता केवळ एक विनंतीअर्ज आहे. किंबहुना झाड सोसायटीच्या आवारात असते, तरीही ‘महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५’ प्रमाणे वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करावाच लागला असता. या कायद्यात झाड तोडण्याच्या व्याख्येत जाळणे आणि अन्य कोणत्याही रीतीने इजा करणेही येते. झाड वाळलेले, रोगट किंवा जीवितास व मालमत्तेस धोकादायक असेल, तर परवानगी मिळण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे. मात्र तत्पूर्वी वर्तमानपत्रात आणि प्रत्यक्ष झाडावर नोटीस लावून हरकती मागवाव्या लागतात. म्हणजे आपण दोघेही ज्या नोटिशीकडे निकाल म्हणून पाहत आहात, तो निकाल नव्हे. म्हणणे मांडण्याची वेळ आता सुरू झाली आहे. मुदत नोटिशीतच छापलेली असते. ती पाहून लेखी हरकत द्यावी आणि पोचपावती घ्यावी.

बाई, आपल्या पत्रातील पहिल्या मजल्याच्या खिडकीचा उल्लेख आपण आठवण म्हणून केला असेल, पण हरकतीच्या अर्जात तोच पुरावा ठरेल. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा आहे. ते कधीच तोडता येत नाही असा याचा अर्थ नाही, परंतु वयाचा मुद्दा बाजूला सारून त्याचा निर्णय होऊ नये, एवढे तरी आपल्याला म्हणता येते. लग्नानंतरच्या वर्षांतला, खिडकीत किंवा फाटकात काढलेला एखादा फोटो असेल आणि त्यात मागे झाड दिसत असेल, तर त्याची प्रत जोडावी. ‘आमच्या भावना दुखावतील’ हे वाक्य मात्र अर्जात लिहू नये. ते खरे असले, तरी पाहणीला येणाऱ्या अधिकाऱ्याला त्याचे काही करता येत नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. माझ्या मते दोन्ही पत्रांतले सर्वांत महत्त्वाचे वाक्य सचिवांनी कंसात टाकले आहे: केबलसाठी झालेले खोदकाम. झाडाची बहुतेक अन्न-पाणी घेणारी मुळे जमिनीच्या वरच्या दीड-दोन फुटांतच, पण फांद्यांच्या घेराबाहेरही पसरलेली असतात, आणि बुंध्यालगतची जाड मुळे झाडाला तोलून धरतात. चर बुंध्यापासून हातभर अंतरावरून गेला असेल, तर त्या बाजूची तोलमुळे कापली गेली असण्याची शक्यता मोठी आहे. आणि झाडाचा भार चराच्या विरुद्ध बाजूला कलत असेल, तर धरून ठेवणारे दोरच तुटले असे म्हणावे लागेल. असे झाड वरून हिरवेगार दिसते आणि एखाद्या पावसाळी रात्री मुळासकट आडवे होते. त्यामुळे ‘झाड निरोगी दिसते’ हे एका बाजूचे आणि ‘फांदी पडली म्हणजे झाड गेलेच’ हे दुसऱ्या बाजूचे म्हणणे, दोन्ही सारखेच निरुपयोगी आहेत.

रविवारी सकाळी आपण दोघांनी मिळून झाडाखाली जावे, असे सुचवतो. बुंध्याच्या एका बाजूची माती फुगून भेगाळली आहे का? बुंध्याच्या तळाशी आळंबीसारखी बुरशी उगवली आहे का? लाकडी हातोडीने हलके ठोकल्यावर एका जागी पोकळ आवाज येतो का? झाड कललेले असेल, तर कल जुना आहे की नवा, हेही ओळखता येते: जुन्या कलाचे झाड वर जाताना पुन्हा सरळ होत गेलेले असते, नव्या कलाचे काठीसारखे सबंध तिरपे दिसते. बुंध्यात पोकळी सापडली, तरी घाबरून जाऊ नये. बाहेरचे कवच पुरेसे जाड असेल, तर पोकळ झाडे अनेक वर्षे उभी राहतात. या खुणांची नोंद करून वृक्ष अधिकाऱ्याकडे तज्ज्ञामार्फत तपासणीची मागणी दोघांच्या सहीने करावी आणि पाहणीचा अहवाल माहितीच्या अधिकारात मागावा. बाई, तोलमुळे खरोखर तुटली आहेत असे त्या अहवालात निघाले, तर झाड जाईल, आणि ते जाणे योग्यही असेल. शाळेची रिक्षा तिथे थांबते, हा मुद्दा भावनेचा नाही. मोटारीच्या मालकालाही उगाच खलनायक करू नये; त्या वेळी मोटारीत कोणी असते, तर आज हा वाद या सुरात झाला नसता.

झाड उभे राहू शकते असे निघाले, तर काम छाटणीचे आहे, आणि आपल्याकडे बिघडते ते इथेच. शेंडा मारून झाडाचा नुसता खांब करणे म्हणजे छाटणी नव्हे. तिथून जे फुटवे येतात, ते कमकुवत सांध्याचे असतात आणि चार-पाच पावसाळ्यांनी तेच मोडून पडतात. एकाच बाजूच्या, म्हणजे गाड्यांवरच्या, सगळ्या फांद्या उतरवल्या, तर तोल आणखी बिघडतो. मोठी फांदी तीन कापांत काढतात: आधी खालून अर्धवट काप, मग थोडे पुढे वरून, आणि शेवटी उरलेला खुंट, तोही फांदीच्या मुळाशी असलेल्या फुगीर कड्याला धक्का न लावता. करवत सुरू होण्यापूर्वी परवानगीचा कागद मागून वाचावा; छाटणीची परवानगी आणि तोडीची परवानगी या निरनिराळ्या गोष्टी आहेत. झाडावर ढोकरी-बगळ्यांची घरटी असतील, तर पावसाळ्यात छाटणी करू नये, कारण अंडी व घरट्यांना इजा करणे हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली गुन्हा आहे. उन्हाळ्याच्या तोंडी, पानगळ झालेली असताना, फांद्या स्पष्ट दिसतात आणि काम नीट होते. विष्ठेवर मात्र माझ्याकडे गाडीला कव्हर घालण्यापलीकडे उपाय नाही.

पेव्हर ब्लॉक मुळांनी उचलले, ही झाडाविरुद्धची तक्रार मला उलटी वाटते. बुंध्याला टेकवून फरशी बसवल्यावर मुळांनी जावे कुठे? राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ साली दिल्लीतील झाडांविषयी आदेश देताना बुंध्याभोवती एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढायला सांगितले होते. तेवढे आळे इथे मोकळे केले, तर पाणीही मुरेल आणि पदपथाची दुरुस्तीही कमी होईल. चिकट थेंबांचे म्हणाल, तर तो झाडाचा स्वभाव नसून बहुधा रस शोषणाऱ्या किडीचा स्राव आहे. फांद्यांवर कापसासारखे पुंजके दिसतात का, ते पाहावे. पिठ्या ढेकणाने मुंबईत पुष्कळ रेन ट्री वाळले आहेत, तेव्हा ही तक्रार धुण्यावारी न नेता उद्यान विभागाला कळवावी.

परदेशीपणाचा मुद्दा खरा आहे. रेन ट्री मूळचे मध्य व दक्षिण अमेरिकेतले. पण गुलमोहर मादागास्करचा आहे, आणि याच न्यायाने निघालो, तर आपल्या निम्म्या रस्त्यांवर ऊन पडेल. नवे झाड निवडताना देशी-विदेशी जरूर पाहावे. उभ्या झाडाला त्या कारणाने शिक्षा देऊ नये. आणि सचिव महोदय, दहा कडुलिंबांचा हिशेब कायद्यात बसत नाही. २०२१ पासून तोडलेल्या झाडाचे वय जितकी वर्षे, तितकी झाडे लावण्याची अट आहे, म्हणजे इथे पन्नासाहून अधिक. ती बहुधा कुठल्या तरी टेकडीवर लागतील आणि आपली गल्ली उन्हातच राहील. ते दहा कडुलिंब खरोखर लावायचे असतील, तर झाड असतानाच, आवाराच्या पश्चिमेच्या भिंतीलगत जागा सोडून लावावेत. हे झाड पुढेमागे गेलेच, तेव्हा ते मोठे झालेले असतील.

प्रश्न : झाड तोडण्यावरून वाद चालू असतानाच आमच्या रस्त्यावरील करंजाच्या बुंध्याला कोणी तरी भोके पाडून त्यात हिंग भरला आहे. पाने पिवळी पडत आहेत. झाड वाचेल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : हिंगाने झाड मरते हा समज जुना आहे. झाडाला इजा होते ती प्रामुख्याने भोकांमुळे आणि हिंगाच्या नावाखाली त्यात दुसरेच काही ओतले असेल, तर त्यामुळे. भोके चुना किंवा सिमेंटने बुजवू नयेत. आळे मोकळे करून भरपूर पाणी द्यावे आणि पाने कोणत्या बाजूची गळतात, त्यावर लक्ष ठेवावे; एकाच बाजूची गळत असतील, तर आशा आहे. तारीख दिसेल असे फोटो काढून वृक्ष अधिकाऱ्याकडे आणि पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी. संशयित शेजाऱ्याचे नाव पुराव्याशिवाय त्यात घालू नये. भोकांच्या तोंडाशी पडलेला लाकडाचा भुसा अजून असेल, तर तो कागदाच्या पुडीत बांधून तक्रारीसोबत द्यावा.