१३ वर्षांच्या मुलाच्या पिचिंगचा वेग का वाढत नाही?

लातूरहून विचारलंय: बेसबॉलमध्ये पिचिंगचा, म्हणजे फलंदाजाकडे बॉल फेकण्याचा, वर्षभर सराव करूनही लेकराच्या बॉलला वेग नाही. अहो, येईल. या वयात वेग मुख्यतः उंची, वजन अन् ताकदीबरोबर येतो. मिसरूड फुटायच्या सुमारास कधीकधी एका वर्षातच मोठी उडी दिसते. ज्वारीच्या माळ्यावर गोफण मारणारा बघा, दगड सुटण्याआधी त्याची कंबर फिरलेली असते. पिचिंगचंही तेच, जोर पायातून अन् कमरेतून, हात शेवटी. कोपरातलं वाढतं हाड अजून कच्चं असतं. म्हणून अमेरिकेतल्या नियमावलीत १३-१४ वर्षांसाठी दिवसाला ९५ पिचची, म्हणजे टाकलेल्या बॉलची, मर्यादा आहे. ६६ किंवा जास्त टाकले तर ४ दिवस विश्रांती. कोपर दुखतंय म्हणाला तर बाम चोळत बसू नका. फेकणं बंद, हाडाच्या डॉक्टरांना दाखवा.