फलकावरचा एक शब्द आणि ५० लाखांची नोटीस

प्रश्न: मी कोल्हापुरातील एका पेठेत राहते आणि शिवणकामाचे दुकान चालवते. आमच्या गल्लीतील रस्त्याचे एप्रिलमध्ये डांबरीकरण झाले आणि जुलैच्या पावसात खडी वर आली. शेजारच्या आजोबांची दुचाकी खड्ड्यात घसरून त्यांचा हात मोडला. त्यानंतर आम्ही दहा-बारा जणांनी नागरिक समिती स्थापन केली. तिची नोंदणी केलेली नाही. माहितीच्या अधिकारात मी माझ्या नावाने मोजमाप पुस्तिका, कार्यादेश आणि बिले मागितली. ४० दिवसांनी दोन पाने मिळाली. बाकीची कागदपत्रे ‘ठेकेदाराचे व्यावसायिक गुपित’ म्हणून नाकारण्यात आली. मिळालेल्या पानावर ५० मिलिमीटर जाडी नोंदवली आहे. आम्ही उखडलेल्या कडांना पट्टी लावली तेव्हा ती २० ते २५ भरली. समितीने चौकात ठेकेदाराच्या नावासह फलक लावला: ‘५० चे बिल, २० चा थर. जनतेच्या पैशावर डल्ला मारणाऱ्या चोराला काळ्या यादीत टाका.’ त्याचा फोटो व्हॉट्सॲप गटावर फिरला. गटाची ॲडमिन मीच आहे. आता ठेकेदाराच्या वकिलांची नोटीस आली आहे: १५ दिवसांत बिनशर्त माफी मागा, अन्यथा ५० लाखांचा दावा आणि फौजदारी खटला. महापालिकेसमोर धरणे धरण्याचे ठरताच पोलीस ठाण्यातून कलम १६८ ची नोटीस आली. एका अधिकाऱ्यांनी ‘सरकारी कामात अडथळ्याचा गुन्हा घालीन’ असेही सुनावले. समितीतील निम्मे लोक आता फोन उचलत नाहीत. मी माफी मागावी का?

उत्तर:

ताई, बिनशर्त माफी मागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र फलकावरील सगळाच मजकूर मी न्यायालयात त्याच ठामपणे मांडू शकेन, असेही नाही. ‘५० चे बिल, २० चा थर’ हे विधान कागद आणि पट्टी यांच्या आधाराने सिद्ध करता येण्याजोगे आहे. ‘चोर’ हा शब्द तसा नाही. चोरी हा गुन्हा आहे, तो अमुक व्यक्तीने केला असे म्हणण्यासाठी पैसे कोणी, कसे आणि कोणत्या हेतूने घेतले हे दाखवावे लागते आणि आपल्याकडे आज त्याचा पुरावा नाही. थर कमी भरण्यामागे ठेकेदाराची लबाडी असेल, मोजमाप घेणाऱ्या अभियंत्याचा निष्काळजीपणा असेल किंवा अंदाजपत्रकातच घोळ असेल. म्हणून तो एक शब्द मागे घ्यावा आणि उरलेल्या मुद्द्यावर उभे राहावे.

भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामीसाठी दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही किंवा समाजसेवा अशी शिक्षा आहे, म्हणून धास्ती वाटणे साहजिक आहे. पण हा अदखलपात्र आणि जामीनपात्र गुन्हा आहे. त्यासाठी पोलीस परस्पर गुन्हा नोंदवून आपल्याला उचलून नेऊ शकत नाहीत. बदनामी झाल्याचे म्हणणाऱ्यालाच दंडाधिकाऱ्यांकडे खासगी तक्रार करावी लागते आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २२३ नुसार तक्रारीची दखल घेण्यापूर्वी न्यायालयाने आपले म्हणणे ऐकणे आवश्यक आहे. १ जुलै २०२४ पूर्वी ही सोय नव्हती. शिवाय कलम ३५६ मधील अपवादांपैकी पहिला असा की, सार्वजनिक हितासाठी केलेले सत्य कथन ही बदनामी नव्हे. सार्वजनिक प्रश्नाबाबतच्या एखाद्याच्या वर्तनावर सद्भावनेने मत देणे, तसेच अधिकार असलेल्या व्यक्तीकडे सद्भावनेने तक्रार करणे हेही अपवादांत मोडते. सद्भावना म्हणजे मनातला चांगुलपणा नव्हे. योग्य काळजी आणि लक्ष देऊन केलेली गोष्टच कायद्याच्या व्याख्येत सद्भावनेची ठरते. त्यामुळे रस्ता कोणी, कोणत्या दिवशी, किती ठिकाणी आणि कशाने मोजला, हे सारे आता महत्त्वाचे आहे.

येथे एक शंका मला आपल्यापुढे ठेवलीच पाहिजे, कारण समोरचा वकील उलटतपासणीत पहिला प्रश्न तोच विचारील. डांबरी रस्त्याचे थर बहुधा एकाहून अधिक असतात: खाली बीबीएम (खडी व डांबराचा पायाचा थर) किंवा तत्सम थर, वर कार्पेट (बारीक खडी व डांबराचा पातळ थर), त्यावर सीलकोट (पाणी मुरू नये म्हणून दिलेला शेवटचा लेप). पुस्तिकेतील ५० मिलिमीटर ही खालच्या थराची किंवा सगळ्या थरांची मिळून नोंद असेल आणि आपण केवळ वरचे कार्पेट मोजले असेल, तर फलकावरील हिशेबच चुकतो. नोटिशीला उत्तर देण्यापूर्वी ही खात्री करावी. चूक निघाली तर ती स्वतःहून दुरुस्त करावी. त्याने बाजू दुबळी होत नाही, उलट सद्भावना दिसून येते.

खात्री कशी करावी? ४० दिवसांनी मिळालेले उत्तर मुळातच मुदतीबाहेरचे आहे. माहिती अधिकार अधिनियमाच्या कलम ७ प्रमाणे ३० दिवसांत माहिती द्यायची असते आणि मुदत टळल्यास ती विनामूल्य द्यावी लागते. व्यावसायिक गुपिताचे कारणही लंगडे आहे. कलम ८(१)(घ) स्पर्धेतील स्थानाला बाधा येईल अशा गुपितांसाठी आहे, आणि तेथेही व्यापक सार्वजनिक हित असल्यास माहिती देता येते. सार्वजनिक पैशातून दिलेले बिल आणि सार्वजनिक रस्त्याचे मोजमाप यांत कसले गुपित? नकार मिळाल्यापासून ३० दिवसांत प्रथम अपील करावे. मुदत उलटली असल्यास विलंबाचे सबळ कारण लिहून करावे. पुढे ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे द्वितीय अपील करता येते. कोल्हापूर जिल्हा आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे आहे. विलंबाबद्दल माहिती अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण आयोगाकडे प्रकरणे साचलेली असतात, म्हणून अपिलाबरोबरच कलम २(ञ) वापरून एक स्वतंत्र नवा अर्ज करावा. या कलमाने नागरिकाला कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क दिला आहे, जो फारसा कोणी वापरत नाही. अर्जात एकच विषय ठेवावा आणि मजकूर १५० शब्दांच्या आत बसवावा, कारण महाराष्ट्राच्या नियमांत तशी अट आहे. रस्ता यंत्राने आरपार छेदून त्याचा गोल नमुना काढून जाडी मोजली गेली की पट्टीचा वाद संपतो. त्याच अर्जात दोष दायित्व कालावधी किती आहे हेही विचारावे. तो चालू असेल तर रस्ता स्वखर्चाने दुरुस्त करण्याची जबाबदारी ठेकेदाराचीच राहते आणि आपली मुख्य मागणी कोणावरही आरोप न करता पूर्ण होऊ शकते.

मूळ फोटो ज्या मोबाइलमध्ये आहेत तो विकू नये, बदलू नये आणि त्यातील फोटो पुसू नयेत. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र द्यावे लागते. मोजमापाच्या दिवशी हजर असलेल्या पाच-सहा जणांच्या सह्यांचे टिपण आजच करून ठेवावे. त्यावर आजचीच तारीख घालावी, मागची तारीख चुकूनही घालू नये.

फलक मात्र आजच उतरवावा. त्याचे कारण बदनामीहून वेगळे आहे: आयुक्तांच्या परवानगीशिवाय चौकात फलक लावणे हे महापालिका अधिनियमाचे आणि मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधाच्या १९९५ च्या कायद्याचे उल्लंघन ठरू शकते. वाढदिवसाच्या फलकांनी झाकलेल्या आपल्या शहरात हे वाचून आपल्याला हसू येईल, पण कारवाई निवडून करायची झाली तर ती आपल्याच फलकावर होईल. उतरवण्यापूर्वी त्याचा फोटो काढून ठेवावा. व्हॉट्सॲपबाबत सांगायचे तर, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये असे ठरवले आहे की, समान हेतू किंवा पूर्वनियोजन दिसत नसेल तर सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी केवळ ॲडमिन म्हणून कोणी फौजदारीदृष्ट्या जबाबदार ठरत नाही. आपण स्वतः तो फोटो पुढे पाठवला असेल तर हे संरक्षण मिळणार नाही. तसे झाले असल्यास आपल्या वकिलांपासून लपवू नये.

नोटिशीला मुदतीत, वकिलांमार्फत आणि थोडक्यात उत्तर द्यावे. ‘चोर’ हा शब्द संतापाच्या भरात वापरला गेला व तो मागे घेत आहोत. जाडीसंबंधीचे विधान महापालिकेनेच दिलेल्या कागदावर आधारलेले आहे. संयुक्त पाहणीस आम्ही तयार आहोत, ठेकेदारानेही यावे, एवढे पुरे. ५० लाखांच्या आकड्याने झोप उडवू नये. नोटिशीत कोणताही आकडा लिहायला पैसे पडत नाहीत, दाव्यात लिहायचा तर त्या प्रमाणात न्यायशुल्क भरावे लागते, आणि बदनामीच्या भरपाईचा दावा वर्षाच्या आत दाखल करावा लागतो. अशा कित्येक नोटिसा दाव्यापर्यंत पोहोचतच नाहीत. समोरचा गप्प बसला की त्यांचे काम झालेले असते.

समितीबद्दल आपण थेट विचारलेले नाही, पण फोन न उचलणाऱ्यांविषयीचे आपले वाक्य मला टोचले. नोंदणी नसलेल्या समितीला कायद्याच्या नजरेत वेगळे अस्तित्व नसते. मजकूर ज्याने लिहिला, ज्याने छापून घेतला आणि ज्याने लावला, तो तो आपापल्या कृतीपुरता उत्तरदायी असतो. फलक आपण लिहिलेला नसेल तर केवळ माहितीच्या अर्जावर आपली सही आहे म्हणून तो आपल्या माथी येत नाही. मजकूर ठरवणाऱ्या बैठकीत कोण होते, याची नोंद आपल्या वकिलांकडे द्यावी. वर्गणी गोळा केली असेल तर पावत्या आणि हिशेब नीट ठेवावेत, आणि ठेकेदाराचा माणूस ‘बसून मिटवू’ म्हणून बोलावील तेव्हा एकटीने जाऊ नये, चहाच्या पलीकडे काही घेऊ नये. माहिती अधिकार वापरणाऱ्यांवर खंडणीचे आरोप होतात ते अशाच भेटींतून. बोलणी करायचीच असतील तर ती लेखी करावीत.

पोलिसांच्या नोटिशीने धरणे बेकायदा ठरत नाही. नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १६८ हे दखलपात्र गुन्हा घडू नये म्हणून पोलिसांनी हस्तक्षेप करण्याचे कलम आहे. ती समज आहे, मनाई नव्हे. खरी अडचण महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खालील बंदी आदेशाची असते, आणि सण, निवडणुका यांच्या काळात तो आपल्या जिल्ह्यात वारंवार लागू होतो. त्यामुळे तारीख ठरवण्यापूर्वी आदेश लागू आहे का ते पाहावे. ठिकाण, वेळ, अंदाजे संख्या आणि जबाबदार व्यक्तींची नावे लिहून पोलीस निरीक्षकांकडे अर्ज द्यावा आणि पोहोच घ्यावी. नकार दिल्यास तो कारणांसह लेखी मागावा. निःशस्त्र आणि शांततेने एकत्र येण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद १९(१)(ख) मध्ये आहे आणि त्यावरील निर्बंध वाजवीच असावे लागतात. अवाजवी नकाराविरुद्ध रिट याचिका करायची तर पूर्वी मुंबई गाठावी लागे. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) आपल्याच शहरात, भाऊसिंगजी रस्त्यावर बसते. त्यासाठी सहा जिल्ह्यांतील वकिलांनी चार दशके आंदोलन केले, त्यातल्या काही साखळी उपोषणांत मीही बसलो आहे, तेव्हा रस्त्यावर बसणाऱ्यांविषयी मी पूर्णपणे तटस्थ आहे असे म्हणणे खोटे ठरेल.

‘सरकारी कामात अडथळा’ या धमकीतले भारतीय न्याय संहितेचे कलम १३२ प्रत्यक्ष हल्ला किंवा बळाचा वापर झाला तरच लागते. प्रश्न विचारणे, अर्ज देणे किंवा आवाज चढणे म्हणजे हल्ला नव्हे. तरीही तो अजामीनपात्र गुन्हा आहे, म्हणून अधिकाऱ्यांच्या दालनात तीसजण घुसण्याची पद्धत सोडावी. दोघे-तिघे जावे, आवक विभागात अर्ज द्यावा, शिक्का घेऊन यावे. आपल्या शहराने टोलविरोधी लढा पाहिला आहे. एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे ज्याच्या अग्रभागी होते तो लढा मोर्च्यांइतकाच रस्तेकामाच्या फेरमूल्यांकनाच्या मागणीवरही उभा होता, हे समितीतील तरुणांना जरूर सांगावे.

आजोबांच्या हाताविषयी आपण ओझरते लिहिले आहे, पण तो विषय महत्त्वाचा आहे. मुंबई उच्च न्यायालयाने १३ ऑक्टोबर २०२५ रोजीच्या निकालात खड्डे व उघड्या गटारांमुळे मृत्यू झाल्यास ६ लाख आणि जखमी झाल्यास दुखापतीच्या स्वरूपानुसार ५०,००० ते २.५ लाख रुपये भरपाई ठरवली. महापालिका हद्दीत त्यासाठीच्या समितीत आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव असतात. दवाखान्याचे कागद, क्ष-किरण फोटो आणि त्या जागेचे छायाचित्र घेऊन आजोबांनी स्वतःच्या नावाने अर्ज करावा. प्राधिकरणाचे कार्यालय कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात आहे, आणि त्याच फेरीत आपले कामही होईल: विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार महिलेला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो.

नोटिशीचे उत्तर रवाना झाल्याबरोबर दिवाणी न्यायालयात कॅव्हेट दाखल करावे. ठेकेदाराने दावा आणून आपल्याला बोलण्यास मनाई करणारा तात्पुरता आदेश मागितला, तर आपले म्हणणे ऐकल्याशिवाय तो दिला जाऊ नये, यासाठी ही खबरदारी आहे. बोलण्यावर सुनावणीपूर्वीच अशी बंदी केवळ अपवादात्मक प्रकरणांत घालावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये ब्लूमबर्ग विरुद्ध झी प्रकरणात म्हटले आहे. आपल्या वकिलांनी त्याची प्रत हाताशी ठेवावी. कॅव्हेटची मुदत ९० दिवसांची असते. तोवर दावा आला नाही तर ते पुन्हा दाखल करावे लागेल. ती तारीख दुकानातल्या कॅलेंडरवर आजच लिहून ठेवा.